तीनशे भावांची शिंक

मित्रांनो, मी एक जुना माणूस आहे, पण अर्धाच. डोकं, मान आणि छाती एवढाच मी आहे. छातीच्या खाली फळकूट सुरू होतं आणि फळकुटाखाली टेबल. हात मला कधी नव्हतेच, त्यामुळे त्यांची आठवण येत नाही. पाय नसल्याचा एक फायदा असा झाला की मला कुणी कधी कामाला पाठवलं नाही. काम माझ्याकडे चालत आलं.

माझं काम म्हणजे तोंड उघडं ठेवून पडून राहणं. तुमच्यापैकी काही जणांना हे जन्मजात जमत असेल. पण मी ते सतरा वर्षं केलं आणि त्यातून लोक शिकले, एवढा फरक आहे. एखाद्याचा श्वास बंद पडला तर त्याच्या घशातून श्वासनलिकेत नळी कशी घालायची, हे अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करणारी माणसं माझ्यावर शिकतात. जिवंत माणसावर शिकायला गेलं तर तो चावतो. मेलेल्यावर शिकलं तर घाई कशाला करायची ते कळत नाही. म्हणून मी.

माझा जन्म एका रबराच्या कारखान्यात झाला. पुतळ्याला चेहरा हवा होता. त्यासाठी कुणीतरी तोंडावर ओलं प्लॅस्टर थापून घेऊन, नाकात दोन नळ्या खुपसून, अर्धा तास न हलता पडून राहायला हवं होतं. मालकाने आधी स्वतःच्या जावयाला विचारलं. जावई म्हणाला, "मामा, आज माझं जरा काम होतं." तो त्या घरात आल्यापासून त्याने काम असल्याचं सांगण्याची ही पहिलीच वेळ होती. शेवटी पॅकिंग खात्यातला एक माणूस तयार झाला, कारण पडून राहायचा वेळ ड्युटीत धरणार होते. तो पडला, प्लॅस्टर थापलं गेलं आणि बाराव्या मिनिटाला त्याला शिंक आली. आली म्हणजे येऊ लागली. त्याने ती दाबली. उरलेली अठरा मिनिटं तो शिंक दाबून पडून राहिला आणि प्लॅस्टर त्याच चेहऱ्यावर वाळलं.

त्या साच्यातून आम्ही तीनशे भाऊ निघालो. तीनशेच्या तीनशे जणांच्या भुवया वर चढलेल्या, नाकपुड्या फुगलेल्या, ओठ अर्धवट उघडे. त्या माणसाला त्याची शिंक साचा निघाल्याबरोबर आली म्हणे, आणि समोर उभ्या असलेल्या जावयाच्या शर्टावर आली. आम्हाला मात्र ती आजतागायत आली नव्हती. आम्ही खोक्यांत भरले गेलो आणि ती अडलेली शिंक घेऊन तीनशे गावांना गेलो.

आता माझ्या आत काय आहे ते सांगतो. ते माहीत नसेल तर पुढची गोष्ट कळणार नाही, आणि तसंही ते सगळं तुमच्याजवळ आहेच. रोज वापरता, कधी आत डोकावला आहात का?

नाकापासून सुरुवात करू. नाक म्हणजे दोन भोकं, असं पुष्कळांना वाटतं. ती फक्त दारं आहेत. आत मधोमध एक पडदा असतो. तो सरळ असावा अशी अपेक्षा असते, पण बहुतेकांचा थोडा वाकडाच असतो. माझा डावीकडे वाकडा आहे, कारण कारागिराला पुस्तकातलं चित्र आठवलं आणि तो प्रामाणिक होता. पडद्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन वळकट्या असतात, ओल्या आणि गरम. बाहेरची थंड, कोरडी, धुळीची हवा त्या वळकट्यांना घासत जाते आणि आत पोहोचेपर्यंत माणसात येते. हे काम तोंडाला जमत नाही. तोंडाने श्वास घेणं म्हणजे पाहुण्याला चपलांसकट थेट स्वयंपाकघरात घेणं.

तोंडात वरच्या बाजूला टाळू. पुढे कडक, मागे मऊ. मऊ टाळूच्या टोकाला पडजीभ लोंबते. ती नेमकी कशासाठी आहे याबद्दल दुमत आहे. घरात असा एक नातेवाईक असतोच. तो काय करतो ते कुणाला नीट सांगता येत नाही, पण सुजला की सगळ्यांना कळतं.

आणि मग घसा. मित्रांनो, इथे एक फार मोठी चूक झालेली आहे. नाक वर, तोंड खाली. पण आत गेल्यावर हवेची नळी पुढे आणि अन्नाची नळी मागे. म्हणजे हवेचा रस्ता आणि जेवणाचा रस्ता एकमेकांना आडवे जातात, आणि तिथे सिग्नल नाही. हा आराखडा कुणी पास केला याची चौकशी अजून झालेली नाही. त्यावर उपाय म्हणून जिभेच्या मुळाशी पानासारखं एक झाकण बसवलं आहे. घास गिळताना ते स्वरयंत्रावर पडतं आणि घास मागच्या नळीत जातो. जेवताना बोललात की झाकणाचा गोंधळ होतो, ठसका लागतो आणि समोरचा म्हणतो, "कुणीतरी आठवण काढली." कुणी आठवण काढलेली नसते. झाकण पडायला उशीर झालेला असतो.

झाकण उचललं की दोन पांढरे पडदे दिसतात. ते स्वरतंतू. नळी त्यांच्या मधून गेली पाहिजे. गेली की माझ्या छातीतल्या दोन पिवळ्या पिशव्या, म्हणजे फुप्फुसं, फुगतात. नळी चुकून मागच्या रस्त्याला गेली की एक हिरवी पिशवी फुगते. ते पोट. नळी जास्त आत गेली तर फक्त उजवी पिशवी फुगते, कारण श्वासनलिकेचा उजवा फाटा जास्त सरळ आहे आणि नळी आळशी असते. आणखी एक. नळी घालताना डाव्या हातात एक अवजार धरतात. त्याला वाकडं पातं आणि पात्यावर बारीक दिवा असतो. त्याने जीभ बाजूला करून जबडा वर उचलायचा असतो. उचलायच्या ऐवजी समोरच्या दातांवर टेकवून ओढलं, तर माझ्या जबड्यातली स्प्रिंग 'कट' असा आवाज करते. खऱ्या माणसात तो दात पडल्याचा आवाज असतो.

मी आलो तेव्हा खोलीत एक लांब टेबल होतं, हात धुवायचं बेसिन, भिंतीवर सेकंदकाटा मोठ्याने वाजवणारं घड्याळ आणि एक मॅडम. मॅडमनी आधी ऑपरेशन थिएटरमध्ये वीस वर्षं काढली होती. त्यांनी मला खोक्यातून काढलं, चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याला काय होतंय?" मग मला नाव पडलं मुंडी. मुंडी काढ, मुंडी पूस, मुंडी खोक्यात टाक. मी पुरुष आहे हे कुणी विचारात घेतलं नाही. छातीच्या खाली मी नाही म्हटल्यावर माझ्याकडे पुरावाही नव्हता.

मॅडम पहिल्या दिवशी प्रत्येक बॅचला एकच गोष्ट सांगत. "नळी घालायला घेतली की स्वतःचा श्वास रोखून धरा. तुम्हाला गुदमरलं की समजा त्यालाही गुदमरलंय. मग नळी गेली असो वा नसो, बाहेर या. मास्क लावा, त्याला जोडलेली हवेची बॅग दाबा, हवा द्या. नळी घालणं हे काम नाही. श्वास देणं हे काम आहे."

सगळे वहीत लिहून घेत. अधोरेखितही करत. आणि विसरून जात. विसरायला कारण मीच होतो.

त्याचं असं झालं. दर बॅचला बारा जण, वर्षाला चार बॅचेस, प्रत्येकाचे शेकडो प्रयत्न. इतक्या नळ्या एकाच वाटेने गेल्या की माझ्या घशात एक गुळगुळीत घळ पडली. पायवाट पडते तशी. नळीचं टोक जिभेच्या उजव्या बाजूला नुसतं टेकवलं की ती आपोआप झाकणाखालून स्वरतंतूंच्या मधून घरंगळत जायची. पोरं खूश. "मुंडी म्हणजे सोनं आहे," म्हणायची. पंधरा सेकंद, बारा सेकंद. कुणालाच गुदमरत नसे. प्रत्येकाला वाटायचं, आपला हात बसला. कुणाचाच हात बसला नव्हता. माझा घसा बसला होता.

मी काही बोललो नाही. स्तुती चालू असताना आपण मध्ये बोलू नये, आणि स्वरतंतू रबराचे असतील तर बोलूही शकत नाही.

सतराव्या वर्षी जी बॅच आली तिच्यात अकरा जण विशीतले होते आणि बारावे काका होते.

काका एकोणीस वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवत होते. त्यांच्या भाषेत अ‍ॅम्ब्युलन्समध्ये दोनच जाती: पुढचा आणि मागचा. पुढचा गाडी चालवतो, मागचा पेशंट जगवतो. काका कायम पुढचे. पण त्या वर्षीच्या तपासणीत त्यांच्या डोळ्यांचं काहीतरी निघालं. समोरून दिवे आले की त्यांना रस्त्याच्या जागी नुसता उजेड दिसायचा. साहेबांनी सांगितलं, गाडी बंद. मागचा म्हणून पास झालात तर राहा, नाहीतर घरी बसा. तीन महिने दिले. काकांना घरी बसायचं नव्हतं. त्यांच्या बायकोलाही ते घरी बसायला नको होते. एकदा ते आठ दिवस रजेवर होते तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले होते.

काकांचा हात जड होता. एकोणीस वर्षं मोठ्या गाडीचं स्टिअरिंग ओढून तो तसा झाला होता. पातं धरलं की कट. पुन्हा धरलं की कट. माझ्या घशातली घळ हलक्या हाताला वाट दाखवायची. काका घळीवरून आडवे जायचे. शिवाय जवळचं बघायचा चष्मा माझ्या तोंडापाशी नेला की घसरून माझ्या नाकावर यायचा. तो मला बरा दिसायचा असं पोरांचं मत होतं.

बॅचमधली सगळ्यांत चलाख मुलगी अकरा सेकंदांत नळी घालायची. तिला सगळे घड्याळ म्हणत. एकदा काकांचा अठ्ठाविसावा सेकंद चालू असताना ती म्हणाली, "काका, एवढ्या वेळात पेशंट म्हातारा होईल."

काका मान वर न करता म्हणाले, "होऊ दे की पोरी. म्हातारा होतोय म्हणजे जिवंत आहे."

पण खरं म्हणजे त्यांचा जीव टांगणीला लागला होता. तीस सेकंद झाले की त्यांना गुदमरायचं. मॅडमनी सांगितलं होतं म्हणून ते इमानदारीत श्वास रोखून धरायचे. चेहरा लाल व्हायचा. मग ते नळी काढायचे, एक मोठा श्वास घ्यायचे, माझ्या तोंडावर मास्क ठेवायचे आणि बॅग दाबायचे. अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली. जबडा वर उचलला की जीभ मागे पडत नाही. पाच-सहा सेकंदांनी एकदा बॅग दाबायची. छाती वर येते का बघायचं. मग पुन्हा प्रयत्न. पुन्हा तीस सेकंद. पुन्हा बाहेर. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. बाकीच्या अकरा जणांनी मास्क पहिल्या दिवशी हाताळला होता, तो परत हुकाला लावला होता.

"रस्ता बंद असला तर गाडी मागे घ्यायची," काका स्वतःशी पुटपुटायचे. "ढकलून रस्ता उघडत नाही."

वर्ग सुटला की ते मॅडमकडून किल्ली घेऊन तासभर थांबायचे. मी, ते आणि बेसिनचा थेंब थेंब गळणारा नळ. नळी घालायच्या आधी तिच्यावर पाण्यासारखी एक जेली लावतात. ती जेली कपाटात असे आणि कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये घरी जाई. कोरडी नळी रबरावर करकरायची. एखाद्या ड्रायव्हरसमोर एखादी गोष्ट करकरली तर तो काय करील? काका खाली गेले, गाडीतून इंजिन ऑइलचा डबा घेऊन आले आणि माझ्या घशात दोन थेंब सोडले. आवाज थांबला. त्यांनी माझ्या गालावर थाप मारली, बॉनेटवर मारतात तशी.

पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी दोन थेंब. नंतर चार, कारण हातच सैल.

मित्रांनो, खनिज तेल आणि रबर यांचं जमत नाही. रबर ते तेल पितं आणि फुगतं. माझा चेहरा दुसऱ्या पदार्थाचा होता, त्याला काही झालं नाही. आत मात्र जीभ जाडावू लागली, झाकण पुरीसारखं टम्म झालं आणि माझी प्रसिद्ध घळ बुजली. हे कुणाला दिसलं नाही, कारण नेमका तेव्हाच लेखी परीक्षेचा आठवडा लागला आणि मी खोक्यात गेलो. खोक्यात पडल्या पडल्या मी आठ दिवस सुजत होतो. वेदना म्हणाल तर काही नाही. जीभ दातांपर्यंत आली, तेव्हा एवढंच वाटलं की आता परीक्षकांसमोर ही आत कशी ठेवायची.

प्रात्यक्षिकाला बाहेरून परीक्षक आले. जुने भूलतज्ज्ञ. उंच, शांत, हातात कडक पुठ्ठ्याला लावलेले बारा कागद. प्रत्येक कागदावर दोन प्रश्न होते. नळी गेली का? पेशंट जिवंत आहे का? मॅडम म्हणाल्या, दुसरा प्रश्न आजवर कुणाला लागला नाही.

पहिली घड्याळ आली. नळी घळीच्या जागी टेकवली आणि सोडून दिली. नळी तिथेच थांबली. तिने ढकललं. झाकण वाकलं. तिने पातं दातांवर टेकवलं. कट. तिने आणखी ढकललं. नळी मागच्या रस्त्याला गेली आणि हिरवी पिशवी फुगली. तिने नळी काढली आणि तीच पुन्हा घातली, जास्त जोरात. हिरवी पिशवी पुन्हा फुगली. तीन मिनिटांनी परीक्षकांनी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं आणि कागदावर दोन्ही ठिकाणी 'नाही' लिहिलं.

अशा रीतीने त्या सकाळी मी पहिल्यांदा मेलो. त्यानंतर दहा वेळा मेलो. आठ जणांनी माझं पोट फुगवलं, तिघे माझ्या जिभेशीच झटापट करत राहिले. दात अठ्ठेचाळीस वेळा वाजले. ज्यांना नळी बारा सेकंदांत घालायची सवय होती त्यांना, ती जात नाही म्हटल्यावर काय करायचं, ते सुचतच नव्हतं. मास्क हाताच्या अंतरावर हुकाला होता. मरणाबद्दल मला काही विशेष सांगायचं नाही. पाचव्या वेळेनंतर तेही कामच वाटतं.

बाहेर बाकावर काका बसले होते. त्यांचा नंबर शेवटचा. घड्याळ बाहेर आली ती पांढरीफटक.

"जातच नाही, काका. आत काहीतरी सुजलंय."

"सुजलंय?"

"जीभ एवढी. मागच्या आठवड्यापर्यंत तर..."

काकांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. बोटांचा वास घेतला. मग उठले आणि दार ढकलून आत आले. तेव्हा मी दुसऱ्यांदा मरत होतो.

"साहेब, एक सांगायचं होतं."

"नंबर कितवा?" परीक्षकांनी विचारलं.

"बारावा."

"मग बाराव्याला सांगा."

काका परत जाऊन बसले. पुढचा दीड तास त्यांनी त्या बाकावर कसा काढला ते मला दिसलं नाही, पण दाराच्या काचेतून त्यांचे बूट दिसत होते. ते एका जागी नव्हते. अकरा पोरांची परीक्षा त्यांच्या चार थेंबांनी बुडत होती आणि त्यांची स्वतःची नोकरीही. सांगितलं तर पुतळा बिघडवला म्हणून घरी. न सांगितलं तर नापास म्हणून घरी. दोन्ही रस्त्यांच्या टोकाला उंचीप्रमाणे लावलेले डबे.

बारावा नंबर पुकारला. काका आत आले, माझ्या डोक्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, सुरू करायच्या आधी..."

"ह्याचा श्वास बंद पडलाय," परीक्षक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "तुमचं बोलणं थांबू शकतं. ह्याचं थांबून चालेल का?"

काकांनी तोंड मिटलं. चष्मा नाकावर चढवला. श्वास रोखून धरला आणि पातं आत घातलं. कट. सवयीने. जीभ बाजूला होईना. झाकणाची कड दिसली, त्याखालचं काही दिसलं नाही. त्यांनी नळी टेकवून बघितली. अडली. ढकलली नाही. तिसाव्या सेकंदाला त्यांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी रोजच्यासारखी नळी काढली, मोठा श्वास घेतला, हुकावरचा मास्क ओढला.

अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर. तीन बोटं जबड्याखाली. जड हात इथे कामाला आला. त्याने जबडा असा उचलला गेला की माझी सुजलेली जीभही मुकाट्याने वर आली. बॅग दाबली. हवा अडखळत, कडेकडेने आत गेली. पिवळ्या पिशव्या फुगल्या. छाती वर आली.

एक मिनिट झालं. दोन झाली. काका बॅग दाबत होते आणि तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होते.

"नळी?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही जात, साहेब. मला नाही जमत. तुम्हाला जमत असेल तर या, नाहीतर गाडी हलवा. मी असा हवा देत दवाखान्यापर्यंत नेतो."

"किती वेळ द्याल?"

"दवाखाना येईपर्यंत."

परीक्षकांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "आला. सोडा."

काकांनी मास्क उचलला. आता माझ्या फुप्फुसांत कोंडलेली हवा बाहेर यायला हवी होती. रोज ती तोंडाने येते. पण जबडा सुटल्याबरोबर जीभ मागे पडली आणि तोंडाचा रस्ता बंद झाला. हवा वर वळली. मऊ टाळूमागून, तीन-तीन वळकट्यांना घासत, वाकड्या पडद्याच्या उजव्या बाजूने ती सगळी एकदम नाकातून बाहेर पडली.

मित्रांनो, मला शिंक आली.

तीनशे भावांत मी पहिला. सतरा वर्षं वर चढून बसलेल्या माझ्या भुवयांचं काम त्या क्षणी संपलं. मॅडम दोन पावलं मागे सरल्या. आणि काकांनी काय केलं असेल? खिशातून रुमाल काढला आणि माझं नाक पुसलं. मुद्दाम नाही. एकोणीस वर्षांत स्ट्रेचर आत-बाहेर करताना असं कुणाकुणाचं नाक त्यांनी पुसलं होतं, हात आपोआप गेला. पुसून झाल्यावर त्यांना समजलं की आपण पुतळ्याचं नाक पुसतो आहोत, पण तोवर पुसून झालं होतं.

रुमालावर एक काळपट, चिकट डाग उमटला. परीक्षकांनी रुमाल हातात घेतला, वास घेतला.

"हे काय आहे?"

"तेच सांगायचं होतं, साहेब," काका म्हणाले. "इंजिन ऑइल. रोज संध्याकाळी मीच घालत होतो. करकरायचं. ह्या पोरांचा काही दोष नाही. ती रोज अकरा-बारा सेकंदांत घालतात."

मॅडम ती दोन पावलं परत पुढे आल्या. "दादा. माझ्या मुंडीत इंजिनचं तेल?"

"नवं होतं, मॅडम. डबा मी स्वतः फोडला होता. वापरलेलं नव्हतं घातलं."

"म्हणजे आत सुजलंय हे तुम्हाला आधीच माहीत होतं," परीक्षक म्हणाले. "इतरांना नव्हतं."

"हो साहेब. आज ते बाहेर बसल्यावर कळलं."

"माहीत नसतं तर?"

काकांनी थोडा विचार केला. "तरी हेच केलं असतं. मला रोजच जात नाही ना. रोज तिसाव्या सेकंदाला बाहेरच यावं लागतं."

परीक्षकांनी अकरा कागद एका बाजूला ठेवले, बारावा समोर घेतला. पहिल्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. दुसऱ्यापुढे 'होय'. मग पेन खिशाला लावून ते म्हणाले, "पुतळा खराब, म्हणून सगळ्यांची परीक्षा रद्द. दहा दिवसांनी दुसऱ्या पुतळ्यावर घेऊ. तोवर मॅडम, यांना रोज ह्याच पुतळ्यावर बसवा. नळी गेली नाही तरी चालेल." दाराशी जाऊन ते वळले. "आणि रस्त्यात पेशंट असा सुजलेलाच भेटतो, हे पोरांना सांगा. रोज अकरा सेकंद लागत होते म्हणजे ह्याच्या घशात घळ पडली असणार. तसा घळ पडलेला मला अजून एकही भेटला नाही."

ते दहा दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यांत चांगले. कुणीही मला सोनं म्हटलं नाही. घड्याळ तीस सेकंद श्वास रोखून लाल होत होती, बाहेर येत होती, मास्क लावत होती आणि मास्कच्या कडेने हवा सुटली की काकांना हाक मारत होती.

"काका, तीन बोटं कुठे म्हणालात?"

"हाडावर. मऊ भागावर दाबलंस तर तूच गळा आवळशील. आणि ढकलू नको. मुंडी आहे, घाटातला ट्रक नाही."

दहा दिवसांनी दुसऱ्या शाळेतून एक पुतळा उसना आणला. खोकं उघडलं आणि मी फळीवरून बघितलं, तर माझाच भाऊ. भुवया वर, नाकपुड्या फुगलेल्या. त्याच्याकडे बघून मला जरा वरचढ वाटलं, हे कबूल करतो. घड्याळने एकोणीस सेकंद घेतले. काकांना पहिल्या खेपेला जमलं नाही. तिसाव्या सेकंदाला ते बाहेर आले, सहा वेळा बॅग दाबली आणि दुसऱ्या खेपेला सव्विसाव्या सेकंदाला नळी गेली. दात एकदाच वाजला. दोन्ही पिवळ्या पिशव्या एकत्र फुगल्या. सगळे बाराच्या बारा पास झाले. काका मागचे झाले. त्यांची बायको म्हणे दोन दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांशी स्वतःहून बोलत होती.

मला टाकून देणार होते. मॅडमनी टाकू दिलं नाही. नवा पुतळा आला, तो सोप्या दिवसांसाठी. माझ्या गळ्यात एक पुठ्ठा अडकवला आहे, त्यावर लिहिलं आहे: अवघड. प्रत्येक बॅचला हात बसल्यासारखं वाटू लागलं की मला फळीवरून खाली काढतात. त्या दिवशी काका ड्युटी बदलून घेऊन येतात, भिंतीला टेकून उभे राहतात आणि पोरांचे चेहरे लाल होण्याची वाट बघतात.

तर मित्रांनो, तुमच्या नाकातोंडाची काळजी घ्या. नाक दिलंय ते श्वास घ्यायला, तोंड उघडं टाकून हिंडू नका. जेवताना बोलू नका. झाकणाला एका वेळी एकच काम जमतं. आमच्यासारख्यांना वापरून झाल्यावर पुसून ठेवा, जेली लावा, आणि कितीही करकरलं तरी तेलाचा डबा गाडीतच राहू द्या.

माझे दोनशे नव्याण्णव भाऊ अजून कुठे ना कुठे त्या शिंकेची वाट बघत पडले आहेत. कुणी भेटलाच, आणि त्याच्या घशात काही जात नसलं, तर ढकलत बसू नका. बाहेर या, जबडा उचला, हवा द्या. आणि रुमाल जवळ असू द्या.